सत्तावीस हजार सहाशे पंच्याण्णव: बीड बायपासवरच्या एका टू बीएचकेचं प्रकरण

एप्रिल २०२३ मधली गोष्ट. माझ्याकडे कागदपत्रं घेऊन येणारे एक पगारदार गृहस्थ, त्यांना इथे दादा म्हणतो, यांनी माझ्या टेबलावर बँकेचं पत्र ठेवलं आणि पाणीही न घेता बसून राहिले. गृहकर्जाचा महिन्याचा हप्ता २७,६९५ वरून ३२,८०३ झाल्याचं त्या पत्रात लिहिलं होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "सर, चौदा महिन्यांत एकही हप्ता चुकवला नाही. मग हा दंड कशाचा?"

तो दंड नव्हता. पण हे त्यांना समजावून सांगायला मला त्या दिवशी दीड तास लागला. ते प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे, कारण त्यानंतर अशीच पत्रं घेऊन आणखी बरेच जण आले. मी छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याला पगारदार माणसांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. गृहकर्जाच्या व्याजाची प्रमाणपत्रं दर जूनमध्ये गठ्ठ्याने हातात येतात. दादा आणि वहिनींनी लिहायला परवानगी दिली आहे. नावं, इमारत, बँक, बिल्डर यांतलं काहीही इथे घेतलेलं नाही.

दादा वाळूजला एका सुट्या भागांच्या कारखान्यात आहेत. फ्लॅट घेतला तेव्हा वय ३८, हातात पगार ४२ हजार. वहिनी खासगी शाळेत शिकवतात, त्यांचे १४ हजार. एक मुलगी. मूळ गाव अंबड तालुक्यात, तिथे अण्णा, म्हणजे दादांचे वडील, कापूस आणि मोसंबी करतात. घर घेण्याआधी हे तिघं गारखेड्यातच ८,५०० रुपये भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. तिथे त्यांना त्रास असा काहीच नव्हता. मुलीची शाळा चालत दहा मिनिटांवर होती. पण २०२१ च्या दिवाळीत भावकीतल्या एकाने सिडकोत घर घेतलं आणि प्रत्येक जेवणात विषय निघू लागला. घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. वर व्याजदरही कधी नव्हे इतके खाली आलेले होते. रिझर्व्ह बँकेने मे २०२० पासून रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवर ठेवला होता आणि बँका ६.९० टक्क्यांच्या आसपास गृहकर्ज देत होत्या.

फ्लॅट बीड बायपासच्या आतल्या बाजूला, सातारा-देवळाई परिसरात. भाव ४,४०० रुपये चौरस फूट, क्षेत्रफळ १,०५० चौरस फूट, पार्किंग धरून किंमत ४६ लाख २० हजार. ही झाली माहितीपत्रकाची भाषा. करारनाम्यात मात्र चटई क्षेत्र होतं ६४.१० चौरस मीटर, म्हणजे ६९० चौरस फूट. उरलेल्या ३६० फुटांत जिना, लिफ्टची जागा, बाहेरच्या भिंती आणि गच्चीचा वाटा आला. रेरा कायदा आल्यापासून विक्री चटई क्षेत्रावरच व्हायला हवी. करारनामा तसाच होता, त्यामुळे कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती. पण बैठकीत बोलणं चालायचं ते १,०५० चंच. ६९० ने भागलं की भाव ६,६९६ रुपये पडतो. हा भागाकार त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा केला, दीड वर्ष उशिरा. वहिनींनी कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढून घेतला आणि पुन्हा एकदा करून पाहिला.

दुसरी चूक याहून साधी होती आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटीचे दोन दर आहेत. किंमत ४५ लाखांच्या आत आणि आपल्यासारख्या शहरात चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. यांचं क्षेत्रफळ बसत होतं, किंमत १ लाख २० हजारांनी वर गेली होती. ४६ लाख २० हजारांवर कर बसला २ लाख ३१ हजार. तीच किंमत बरोबर ४५ लाख ठरली असती तर कर ४५ हजार झाला असता. म्हणजे किमतीतले १ लाख २० हजार कमी करून न घेतल्यामुळे प्रत्यक्षात ३ लाख ६ हजार जास्त गेले. सहा महिने थांबून पूर्णत्वाचा दाखला आल्यावर घेतलं असतं तर हा कर लागलाच नसता. ताबा मे २०२२ मध्ये मिळाला. सॅम्पल फ्लॅट दाखवणाऱ्या माणसाने "पाडव्यानंतर भाव पाच हजार" असं सांगितलं होतं, म्हणून घाई झाली.

त्या भावाला आधार कशाचा होता? मी या शहरात आयुष्य काढलं आहे, आणि इथल्या जागांचे भाव पगारावर वाढताना मी क्वचितच पाहिले. ते बातम्यांवर वाढतात. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं शेंद्रा-बिडकीन, मग समृद्धी महामार्ग, ज्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, मग ३१ जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी केलेला सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार. या बातम्या खऱ्या आहेत आणि शहरासाठी चांगल्याही आहेत. पण सामंजस्य करार झाल्या दिवसापासून कारखान्यातला पहिला पगार निघेपर्यंत काही वर्षं जातात, आणि भाव दुसऱ्या दिवशी सकाळी वाढतो. शिवाय जमिनीच्या मोबदल्याचा पैसा शहरात येतो. ज्यांची जमीन रस्त्यात गेली अशा माझ्याकडच्या तीन कुटुंबांनी बायपासला दोन-दोन फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवले आहेत. राहायला घर शोधणारा दादांसारखा माणूस या पैशाशी बोली लावतो, आणि ती बोली कर्जाने लावतो.

भाडं मात्र बातमीने वाढत नाही. ते राहणाऱ्याच्या पगारातूनच द्यावं लागतं. याच इमारतीत दोन मजले खाली असाच टू बीएचके २०२२ मध्ये ९,५०० ला गेला, आज १०,५०० ला आहे. आजचं भाडं धरलं तरी वर्षाचे १ लाख २६ हजार. ४६ लाख २० हजारांवर हे पावणेतीन टक्केही पडत नाहीत. कर्ज त्या स्वस्ताईच्या काळात घेतलं तरी ६.९० टक्के. ज्या वस्तूचं भाडं पावणेतीन टक्के येतं ती सात टक्क्यांनी पैसे काढून घ्यायची, तर मधलं अंतर भरून यायला किंमत दरवर्षी वाढतच राहिली पाहिजे. ती थांबली की अंतर खिशातून भरावं लागतं. माझ्या हिशोबाने हा फ्लॅट ३० ते ३२ लाखांचा होता. वरचे चौदा ते सोळा लाख हा बातम्यांचा भाव होता, आणि तो वाळूजच्या पगारातून वीस वर्षं फेडायचा होता.

आता पैसे उभे कसे केले ते. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाहीत. कर्ज मिळालं ३६ लाख. उरलेले १०.२० लाख, जीएसटीचे २.३१ लाख आणि मुद्रांक-नोंदणीचे तीन लाखांवर, मिळून साडेपंधरा लाख स्वतःचे घालायचे होते. ठेव मोडून ५ लाख आले. पीएफमधून २ लाख ४० हजार. अण्णांनी ३ लाख दिले. त्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, अण्णा खुशीत होते, आणि पुढच्या वर्षीही पाठवीन म्हणाले होते. पुढच्या दोन हंगामांत भाव सात-आठ हजारांवर उतरला आणि ते पाठवणं तिथेच थांबलं. वहिनींच्या पाटल्या आणि तोडे, साडेसहा तोळे, गहाण ठेवून २ लाख २० हजार. आणि शेवटचे ३ लाख पतसंस्थेतून, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी.

बँकेने पात्रता पाहिली तेव्हा ५६ हजारांवर २७,६९५ चा हप्ता निम्म्याच्या आत बसत होता. पतसंस्थेचं कर्ज मंजुरीनंतर घेतलं, त्यामुळे ते बँकेच्या हिशोबात आलंच नाही. घरात मात्र २७,६९५ अधिक पतसंस्थेचे ६,९८० अधिक सोन्याच्या कर्जाचं व्याज १,६५० असे ३६,३२५ दर महिन्याला जात होते. शंभरातले पासष्ट. इमारतीची देखभाल, मार्चपासून टँकरची वर्गणी आणि आता लांब झालेल्या शाळेची रिक्षा हे वेगळंच. वास्तुशांतीला गावाकडची दीडशे माणसं जेवली. अण्णांनी घर फिरून पाहिलं, बाल्कनीत उभे राहिले आणि किंमत विचारली. ऐकून एवढंच म्हणाले, "काहून रं एवढं? खाली माती बी आपली न्हाई."

मग मे २०२२ आला. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४.४० केला, जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरात ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मानकदराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलतो. दादांचं कर्ज ६.९० वरून ९.४० ला पोचलं. त्यांना मोबाइलवर संदेश येत होते, पण खात्यातून जाणारी रक्कम तीच होती, २७,६९५. रक्कम तीच म्हणजे सगळं ठीक, असं त्यांनी धरलं. शंभरातले नव्वद जण असंच धरतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

हप्ता तोच ठेवून दर वाढला की मुदत लांबते. मी त्या दिवशी त्यांना कागदावर करून दाखवलं. पहिल्या हप्त्यात व्याज २०,७०० आणि मुद्दल ६,९९५. जुलै २०२२ ला ७.८० टक्क्यांवर मुद्दलाला उरले साडेचार हजार. ऑक्टोबरात ८.८० वर १,६५५. त्या दराने कर्ज फिटायला ३८६ महिने हवे होते, म्हणजे ३२ वर्षं. जानेवारी २०२३ ला ९.१५ वर मुद्दलात जमा होत होते महिन्याला साडेसहाशे रुपये, आणि मुदत निघत होती ४१ वर्षं. एप्रिलला ९.४० झाल्यावर महिन्याचं व्याजच २७,७६१ झालं, हप्त्यापेक्षा ६६ रुपये जास्त. तो हप्ता शंभर वर्षं भरला असता तरी कर्ज वाढतच गेलं असतं. म्हणून बँकेने हप्ता वाढवला, आणि वाढवताना मुदत पुन्हा पहिल्यापासून वीस वर्षं धरली. चौदा महिन्यांत भरलेल्या ३ लाख ८८ हजारांपैकी मुद्दलातून कमी झाले होते सुमारे ५६ हजार.

दादा बराच वेळ त्या ६६ च्या आकड्याकडे बघत होते. वहिनी घरचा हिशोब शाळेच्या जुन्या कॅटलॉगच्या मागच्या पानांवर लिहितात. त्यांनी ती वही उघडली, "हप्ता" या रांगेखाली चौदा वेळा लिहिलेला आकडा पाहिला आणि वही मिटली.

इथे ऑगस्ट २०२३ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक प्रत्येक कर्जदाराला माहीत असायला हवं. १८ ऑगस्टला निघालं आणि जुन्या कर्जांनाही त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत लागू करायचं होतं. दर बदलला की बँकेने हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होतो ते कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराने निवडायचं. स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय द्यायचा (ऑक्टोबर २०२५ पासून हे बँकेच्या मर्जीवर आहे). मुदत इतकी ताणायची नाही की हप्त्यातून व्याजही भागणार नाही. आणि दर तिमाहीला किती मुद्दल, किती व्याज, किती हप्ते बाकी याचा तक्ता द्यायचा. हा नियम दीड वर्ष आधी असता तर दादांना ऑक्टोबर २०२२ मध्येच ३८६ हा आकडा दिसला असता.

करबचतीबद्दलही बोलतो, कारण तो माझा धंदा आहे आणि त्याच्या नावाने घरं खपवली जातात. दादांना तिथे "दोन लाखांचं व्याज टॅक्समधून सुटतं" असं सांगितलं होतं. नियम खरा आहे, जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. पण दादांचा वर्षाचा एकूण पगार ओव्हरटाइम धरून सहा लाखांच्या आसपास. त्यातून पन्नास हजारांची प्रमाणित वजावट आणि पीएफ, विमा, मुलीची फी गेली की करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या खाली येतं आणि सवलतीने कर शून्य होतो. तो आधीही शून्यच होता. नवीन प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. त्यांचे या घरामुळे कराचे वाचले शून्य रुपये. या पगाराच्या कुणालाही घर विकताना करबचत सांगणं चुकीचं आहे, आणि मी हे ज्या-त्या बैठकीत सांगतो.

एप्रिल २०२३ नंतरचं एक वर्ष वाईट गेलं. ओव्हरटाइम कमी झाला. मार्ग निघाला तो सोन्यातून. २०२४ च्या एप्रिलमध्ये सोन्याचा भाव बराच वर गेला होता. मी सुचवलं की साडेसहा तोळे सोडवून विकावेत आणि १४ टक्क्यांचं कर्ज आधी बंद करावं. वहिनी चार दिवस काही बोलल्या नाहीत. पाटल्या त्यांच्या आईच्या होत्या. पाचव्या दिवशी त्या स्वतः सराफ्यात गेल्या. घट जाऊन ४ लाख १० हजार आले. त्यातून सोन्याचं कर्ज २ लाख २० हजार आणि पतसंस्थेचे राहिलेले १ लाख ८६ हजार भागले. चार हजार उरले, त्यातून मुलीची सायकल दुरुस्त झाली आणि एक कुकर आला. महिन्याचे ८,६३० मोकळे झाले.

त्यातले पाच हजार दर महिन्याला गृहकर्जाच्या मुद्दलात जादा भरायचे ठरले. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो. बँकेच्या खिडकीवर मात्र ती रक्कम "मुद्दलात जमा, मुदत कमी" अशीच लिहून द्यावी लागते, नाहीतर पुढचा हप्ता म्हणून अडकून राहते. दादांचं पहिल्या महिन्यात तसंच झालं, अर्ज देऊन दुरुस्त करून घेतलं. मे २०२४ ला बाकी ३४ लाख ७५ हजार होती आणि हप्ते राहिले होते २२७. पाच हजार जादा भरल्यावर ९.४० टक्के दर धरून ते १६३ वर येतात. चौसष्ट महिने कमी, आणि जाणाऱ्या रकमेत पावणेतेरा लाखांचा फरक. २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारी, एप्रिल आणि जून मिळून एक टक्का आणि डिसेंबरात आणखी पाव टक्का उतरला. त्यांचा दर ८.१५ झाला. बँकेने हप्ता कमी करू का विचारलं, त्यांनी तोच ठेवायला सांगितला.

विकून मोकळं व्हायचा विचारही झाला. टोयोटाच्या बातमीनंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, एका एजंटाने "साठ लाख कुठंच गेले नाहीत" असं सांगितलं. दोन महिने जाहिरात ठेवली. चार जण येऊन गेले. एकाने पाण्याचं विचारलं आणि बोअर-टँकर ऐकून लिफ्टनेच परतला. पक्की बोली एकच आली, ४३ लाखांची. दादांचे खरेदीतच साडेएक्कावन्न लाख गेले होते, व्याज आणि फर्निचर वेगळं. त्याच वेळी समोरच्या नव्या इमारतीवर ५,६०० चा भाव झळकत होता. तिथे घेणाऱ्याला मॉड्युलर किचन फुकट, मुद्रांक शुल्क बिल्डरकडे आणि दोन एसी मिळत होते. हे सगळं वजा केलं तर भाव ५,६०० राहत नाही. पण फलकावरचा आकडा खाली आणला तर आधी घेतलेले भांडायला येतात आणि बँकेचं मूल्यांकनही उतरतं, म्हणून सूट नेहमी वस्तूंच्या रूपात देतात. दादांसारखे लोक तो फलक रोज कामावर जाताना वाचतात आणि आपलं घर तेवढ्याचं आहे असं समजून झोपतात.

फ्लॅट विकला नाही. तिथेच राहतात. मुलगी आता नववीत आहे आणि बाल्कनीत अभ्यासाला बसते, तिथून सातारा डोंगर दिसतो. घर चांगलं आहे, उजेड भरपूर. माझी तक्रार त्या घराबद्दल कधीच नव्हती.

या जानेवारीत वहिनींचा धाकटा भाऊ आला, जालन्याहून, शेंद्र्याला नोकरी लागली म्हणून. खिशात बुकिंगची ५१ हजारांची पावती होती. टू बीएचके, ५८ लाख, करारनामा अजून व्हायचा होता. पावती माझ्यासमोर ठेवून तो वाट पाहत राहिला. मी काही बोलायच्या आधी वहिनी म्हणाल्या, "आधी त्या बिल्डिंगच्या वॉचमनला फोन लाव. तिथं भाडं किती चालू आहे ते विचार." त्याने स्पीकरवर लावला. वॉचमन म्हणाला, "दहा म्हणतेत साहेब, नऊला बी देतेत. पाच खाली हायेत." त्याने फोन ठेवला, आणि वहिनींनी कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे सरकवला.